उभ्याला गोळी नाही

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची. ताईने दारातच मिठी मारली आणि लगेच विचारलं की एवढी वाळलीस कशी. तिच्यामागून भाऊजी म्हणाले, जनावरांची डॉक्टर आहे, चाराच खात असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्या माणसाचे विनोद काही सुधारले नाहीत. मला वरची खोली दिलीय. खिडकीतून आवार, कुंपण आणि त्यापलीकडचं रान दिसतं. पलीकडच्या खोऱ्यात हरणं मेंदूच्या रोगाने मेली, म्हणून मला इथे पाठवलंय. शिकारी जे मारून आणतील ते तपासायचं, रोग सापडला तर शिकार बंद करायची. जेवण झाल्यावर ताईशी मनसोक्त गप्पा मारल्या.

९ नोव्हेंबर
भाऊजी शिकाऱ्यांचे म्होरके. त्यांची टोळी शेडमधल्या टेबलावर हरणं आणून टाकते, मी तपासते. एकूण एक हरीण ठणठणीत. मी खुशाल परवानगी देऊन टाकली. भाऊजींनी मोठ्या अभिमानाने त्यांचा नियम सांगितला: पळेल त्यालाच गोळी घालायची. उभ्या जनावराला मारणं म्हणजे नामर्दपणा. ताई म्हणाली, ह्यांना तेवढा एकच नियम पाळता येतो, पाय पुसून घरात यायचा नाही येत.

१७ नोव्हेंबर
सकाळी कुंपणाच्या आत एक हरीण उभं होतं. नुसता सापळा, तोंडाला लाळेची तार. मी टाळ्या वाजवल्या, तरी ढिम्म. भाऊजी म्हणाले, अशी हल्ली बरीच दिसतात, हाकलून जात नाहीत, ढकलावी लागतात. त्यांनी ते दोन्ही हातांनी ढकललं, हात पँटीला पुसले आणि चहा प्यायला बसले.

तशीच रानात गेले. झाडांत, ओढ्यात, वाटेवर, जिथे बघावं तिथे हरणं उभी. एकही पळालं नाही. मी किती मूर्ख. टेबलावर येत होती ती पळू शकणारी. धडधाकट तेवढी वेचून मारली आणि रोगट तेवढी जपली. आणि त्याला परवानगी माझी.

१९ नोव्हेंबर
पळणाऱ्या हरणांची शिकार बंद केली. टोळीला विनवलं की आता फक्त उभी असलेली मारा. भाऊजी भडकले. उभ्यावर गोळी झाडून बापाला काय तोंड दाखवू, म्हणाले. बाकीचेही ऐकेनात. हरणं आता आवारातच असतात. भाऊजी रोज ढकलतात. मी हातमोजे दिले, ते खुंटीला लटकलेत.

२८ नोव्हेंबर
जेवताना भाऊजी थांबले. घास हातात, तोंड उघडं. ताईने तीनदा हाका मारल्या. मग हसले, पण कशाला हसले ते त्यांनाच कळलं नसावं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

२ डिसेंबर
भाऊजी सकाळपासून आवारात उभे आहेत. बंदूक खांद्याला. भोवती हरणं. फाटकाशी टोळीतले आणखी दोघे, तसेच.

घरचा कुत्रा घाबरून पळाला. भाऊजींनी पापणीही न हलवता त्याला गोळी घातली. मग पुन्हा तसेच उभे. सगळं गेलंय, तेवढी सवय राहिलीय.

३ डिसेंबर
ताई खिडकीशी उभी. कालपासून. बोलत नाही, खात नाही. हात लावला तरी वळत नाही. तपासायला हवं, पण हात धजत नाही. ताई नको. माझी ताई तेवढी नको.

४ डिसेंबर
जीप आवारापलीकडे आहे. तिथवर चालत जायचं, एक पाऊलही पळायचं नाही. ताईच्या कानात सांगितलं. ऐकलं की नाही, कोण जाणे. ओढत न्यावी लागली तरी नेईन. धुक्याचा आडोसा होऊ दे, मग निघू. तोवर लिहीत बसलेय—

भाऊजींचा तोल गेला. गुडघ्यावर आलेत. बंदूक सोडलेली नाही—

ताई खिडकीशी नाही.

खालचं दार—

आवारात आहे. त्यांच्याकडे चाललीय. पळत. ताई पळतेय. म्हणजे तिला काही झालेलं नाही, नुसती रडत उभी होती, माझी ताई बरी आ—