तिसऱ्या हाकेपर्यंत

सोमवार, ३ तारीख

आज रुजू झालो. बावन्नाव्या वर्षी माणसाला नवी नोकरी देणारे लोक एकतर फार उदार असावेत किंवा फार अडलेले. हे दुसऱ्या वर्गातले, पण चहा पहिल्या वर्गातला देतात.

चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे. खाली घासणी, तपासणी आणि भांडार, वर कार्यालय. माझी खोली जिन्याखाली. एक खिडकी, तारांनी भरलेलं एक कपाट, आणि बसलं की उसासा टाकणारी एक खुर्ची. सगळे मिळून चाळीस कॉम्प्युटर एका नेटवर्कात जोडलेले आहेत, ते चालू ठेवणं हे माझं काम. आजवर कुठला बंद पडला हे कळायला एकच उपाय होता, ज्याचं अडेल त्यानं ओरडायचं.

इथे कॉम्प्युटरला नंबर नाही. जो बसतो त्याचंच नाव त्याच्या कॉम्प्युटरला. अकराच्या सुमारास वरून फोन आला की मिशीवाले बंद पडलेत, लगेच या. मी डॉक्टर शोधायच्या बेतात होतो. भांडारात पोचलो तर मिशीवाले, म्हणजे भांडारप्रमुख, चांगले धडधाकट. मिशीला पीळ देत मलाच विचारू लागले की एवढं तोंड पाडून कुणाच्या दहाव्याला निघालात.

घरी अक्काला हे सांगितलं तर ती इतकी हसली की कानातलं मशीन निसटून मांडीवर पडलं. अक्का माझी थोरली बहीण. लग्न तिनं केलं नाही आणि माझं कुणी होऊ दिलं नाही, म्हणून दोघंच. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली आणि निवृत्त होताना दोन्ही कान तिथेच ठेवून आली. मला अजून ‘ठोंब्या’ म्हणते. संस्कृतातली माझी एम.ए. तिच्या लेखी या पदवीखाली येते.

गुरुवार, ६ तारीख

मालकीणबाईंनी देखरेखीचं सॉफ्टवेअर निवडायला सांगितलंय. कारखान्यातलं कुणी बंद पडलं तर ओरडण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढीच अट. तीन आणून पाहिली.

पहिलं भित्रं. एका दिवसात चारशे बारा इशारे, त्यातले चारशे अकरा विनाकारण. दुसरं स्थितप्रज्ञ. मी समोर तार उपटली तरी सर्व सुरळीत असल्याचं सांगत राहिलं. तिसरं मात्र मोजकं बोलतं आणि खरं बोलतं. हे दोन्ही गुण एकत्र माणसातही मिळत नाहीत, म्हणून तेच घेतलं. शिवाय त्यातले सगळे शब्द आपल्याला हवे तसे बदलता येतात.

शनिवार, ८ तारीख

दिवसभर बारसं केलं. सॉफ्टवेअर ठरावीक वेळानं प्रत्येक कॉम्प्युटरला एक संदेश पाठवतं, कॉम्प्युटर उलट संदेश देतो, म्हणजे तो चालू आहे. मी ‘आवाहन’ आणि ‘प्रतिवचन’ असं लिहिलं होतं. मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, अहो, कारखाना आहे, यज्ञ नाही. मग ‘हाक’ आणि ‘ओ’ केलं. उत्तर आलं नाही तर ‘मौन’.

नऊ ते सहा, दर पाच मिनिटांनी एक हाक. लागोपाठ तीन हाकांना ओ नाही आली की लाल अक्षरात काय यावं? ‘बंद’ फार रुक्ष वाटलं. ‘निवर्तले’ लिहिलं. नावं त्यांच्या रिवाजाप्रमाणे माणसांचीच ठेवली. यादी पाहून मिशीवाले म्हणाले, आम्हाला मारायची एवढी घाई?

मंगळवार, ११ तारीख

सॉफ्टवेअर झकास चालतंय. दोन बिघाड कुणी ओरडण्याआधी दुरुस्त केले. मालकीणबाई प्रसन्न.

एक गंमत. दुपारी भांडारात मिशीवाल्यांशी बोलत उभा होतो. ते मध्येच मागे वळून मोठ्यानं ‘ओ!’ म्हणाले. मागे कुणी नव्हतं. कुणीतरी हाक मारली, म्हणाले. मी वय झाल्याचं निदान केलं. त्यांनी माझ्या टकलावर बोट ठेवून आधी आपलं बघा म्हणून सुचवलं.

गुरुवार, १३ तारीख

आज तपासणीच्या बाईंनीही तेच केलं. या काचा उजेडात धरून ओरखडे शोधतात, नजर अशी की माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण त्यांना जिन्यावरून दिसलं होतं. बोलता बोलता थांबून ‘ओ’ म्हणाल्या आणि लाजल्या. सकाळपासून कुणीतरी हाक मारतंय, म्हणाल्या, पण नावानं नाही. कॉम्प्युटरला म्हणतात तसं, ‘तपासणीबाई’ म्हणून.

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून वीस. यादीत त्यांच्या नावापुढे, हाक ३.२०, ओ ३.२०.

योगायोग म्हणायला जीभ रेटत नव्हती. जिन्यात बसून राहिलो. तीन पंचवीसला वरून, खालून, घासणीतून चाळीस गळे एकदम ‘ओ’ म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. कुणी मान वर केली नाही.

मला कुणी हाक मारली नाही. मी यादीत नाही.

शुक्रवार, १४ तारीख

नीट लिहायला हवं.

मिशीवाले सकाळपासून वैतागले होते. शेवटी कानांत कापसाचे बोळे घातले आणि मला अंगठा दाखवून हसले.

चार पाचला त्यांच्या नावापुढे मौन. चार दहाला मौन. मला वाटलं तार सैल झाली असेल, दुसरी घेऊन निघालो. चार पंधराला मी त्यांच्या दाराशी होतो.

कॉम्प्युटर चालू होता. अर्धवट यादी, तिच्याखाली कर्सर लुकलुकत होता. मिशीवाले खुर्चीत ताठ बसलेले, बोटं अजून कळांवर. कापूस कानांतच.

डॉक्टर हृदय म्हणाले. खोलीत परतलो तेव्हा पडद्यावर माझाच शब्द लाल अक्षरात होता.

शनिवार, १५ तारीख

सॉफ्टवेअर काढून टाकलं. सर्व्हरची तार उपटली. मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, हेच जास्त भीतीचं वाटलं. त्या म्हणाल्या, मलाही ऐकू येतं हो. ‘मालकीणबाई’ अशी हाक.

दहा वाजता कान देऊन उभा राहिलो. एकोणचाळीस गळे म्हणाले, ओ.

तार माझ्या हातात होती.

सोमवार, १७ तारीख

काढलेलं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर आपोआप उघडलं. बंद होत नाही. यादी चालू आहे. हाक आता रोज थोडी बारीक होत चाललीय, असं तपासणीबाई म्हणतात. सगळे काम सोडून कान टवकारून बसतात.

या सॉफ्टवेअरला एक खोड आहे, नेटवर्कात नवीन काही दिसलं की ते स्वतःहून यादीत घेतं. मी शनिवारी हा लॅपटॉप घरी नेला होता. घरच्या जोडणीवर लावला होता.

आत्ता यादीत सगळ्यात वर एक नवं नाव आलंय.

अक्का.

या कारखान्यात कुणालाही हे नाव माहीत नाही. आणि तिला ऐकू येत नाही.

लॅपटॉप घेऊन धावत घरी.

सोमवार, दुपार

दोन मौनं होऊन गेली होती. अक्का भाजी निवडत होती. काही न सांगता तिला ओरडून म्हणालो, ओ म्हण. ती म्हणाली. पडद्यावर मौनच. घड्याळाकडे बघून म्हटलेली ओ चालत नाही. मग अगदी तिच्या कानाशी ओरडलो, अक्का! ती दचकून म्हणाली, ओ, काय रे मेल्या!

हिरवं झालं.

म्हणजे कुणाचीतरी हाक खरी ऐकू यायला हवी. माझी चालते. सहापर्यंत दर पाच मिनिटांनी हाक मारली. कारखान्यात फोन करून सांगितलं, जोड्या करा, एकमेकांना हाका मारा.

मंगळवार, १८ तारीख

आज शंभरावर हाका. अक्काला सगळं सांगितलं. तिला वाटतं ठोंब्या कामानं खुळावला. तरी प्रत्येक वेळी ओ देते. मध्येच म्हणाली, लहानपणी तू एका हाकेला कधी आला नाहीस, आता फेड.

घसा बसलाय. तिच्या मशीनचे सेल बदलले.

बुधवार, १९ तारीख

सकाळी यादीत अक्काच्या खाली — ठोंब्या.

मला हाक ऐकू येत नाही. काहीच नाही. बाकीच्यांना आधी ऐकू यायची, मला सुरुवातीपासूनच —

अक्का मला हाक मारते. मी ओ म्हणतो. मी तिला मारतो, ती म्हणते. समोरासमोर बसलोय, मध्ये लॅपटॉप. आता ती हसत नाही.

दुपारी ३.४०

तपासणीबाईंचा फोन. रडत होत्या. नवरा समोर उभा राहून हाका मारतोय, ओठ हलताना दिसताहेत, आवाज नाही. मी फोनवरून ओरडलो. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या.

४.००

तपासणीबाई — लाल.

यादीत आता अकरा लाल. मालकीणबाई पण.

५.१५

सहापर्यंत काढायचं. नऊ हाका. मग रात्रभर सुटका. उद्याचं उद्या.

५.३०

अक्का दमलीय. मशीन कुरकुरतंय. दोनदा ओरडलो तेव्हा ऐकलं. मी गेलो तर हिला हाक मारणारं कुणी नाही. हे तिला कळलंय. माझं मनगट धरून बसलीय.

५.४५

अक्का — ओ.

ठोंब्या — मौन.

का? ती ओरडली ना? तिनं हाक मारली असणार, मी लिहीत होतो म्हणून —

५.५०

लिहिणं थांबवून तिच्याकडे बघत बसलो होतो. पंखा फिरतोय. आवाज नाही. रस्त्यावर गाडी गेली, आवाज नाही. तिला हाक मारली, माझा आवाज मला — तिनं ओ म्हटलं, ओठ गोल झाले.

ठोंब्या — मौन. दुसरं.

अक्का कानाशी आलीय. श्वास लागतोय गालाला, गरम. तोंड उघडं. मान ताणलीय. हाक मारतेय, जोरात मारतेय, शीर दिसतेय गळ्याची —

अक्के, मी गेलो तर शेजारी जा, कुणालाही सांग, हाक मारत राहा म्हणावं, दर पाच मिनिटांनी, अक्का म्हणून, कानाशी, मोठ्यानं, सहा वाजेपर्यंत, रोज, आणि तू एका हाकेला ओ —

५.५५ ती रडतेय. ओठ — ठों — ब्