माझी गाठ, बाईंची गाठ

९ फेब्रुवारी

सार्कोमा. तोंडात नीट बसत नाही हा शब्द. कॅन्सरच, पण मांसात उगवणारा, असं सर्जन म्हणाले. माझा उजव्या हातात, मनगट आणि कोपराच्या मधोमध. बघता बघता लिंबाएवढी झाली गाठ.

"हात राहील," म्हणाले, "पण स्नायू बरेच काढावे लागतील. बोटांत आजची सफाई राहणार नाही."

मी कवळ्या बनवतो! लोकांचे दात माझ्या बोटांवर चालतात. बोटंच गेली तर उरलं काय?

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेवा. रिकाम्या पोटी काही ठरवू नये." जेवलो. तरी काही ठरलं नाही.

१३ फेब्रुवारी

संशोधन विभागात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, पण बोलणं थेट. नवं औषध आहे. ऑपरेशनच्या आधी द्यायचं. गाठ आक्रसली तर कमी कापावं लागेल. आक्रसते का, तेच त्यांना शोधायचंय.

"म्हणजे माझ्यावर प्रयोग?"

"हो." आडपडदा नाही! "फायदा होईलच असं वचन देत नाही. आणि कधीही नको म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत."

आणखी एक सांगितलं. सुईनं काढलेला तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेतही पुन्हा तपासतात, सगळ्यांचाच. त्याला वेळ लागतो. "गाठ थांबत नाही, म्हणून आपणही थांबायचं नाही."

सहीची वेळ आली तेव्हा आधी एका कागदावर डाव्या हातानं करून बघितली. कोंबडीचे पाय! मग उजव्यानं केली.

२० फेब्रुवारी

पहिली सलाईन. लांबलचक खोली, रांगेनं खुर्च्या. शेजारी एक वयस्क बाई. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. बसल्या बसल्या विचारलं, "तुमची कुठे?"

"हातात."

"माझी मांडीत. मोसंब्याएवढी. जन्मभर उभं राहून शिकवलं, त्याचं बक्षीस!"

मी कवळ्या करतो म्हटल्यावर तर खूशच झाल्या. तिथंच स्वतःची काढून माझ्या हातात! "ही सैल का होते हो?" सिस्टर बघतच राहिली. म्हटलं, आणून द्या कधीतरी, नीट बसवून देतो. तेव्हापासून मी 'दातवाले'.

२१ फेब्रुवारी

दिवसभर उलट्या. बस्स.

१३ मार्च

दुसरी सलाईन. आठवडाभर वाटतंय की गाठ कमी झालीय. बायकोला सांगितलं नव्हतं. आंघोळ करताना रोज चाचपायचो. मनाचे खेळ असतील.

डॉक्टरीणबाईंनी मोजली. हसल्या नाहीत. "स्कॅन करू."

१७ मार्च

निम्मी झालीय!! मनाचे खेळ नव्हते!

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मोठ्या सरांना बोलावलं. सर पडद्यासमोर उभे राहून एकदा आधीचं चित्र बघत होते, एकदा नंतरचं. "सुरेख," म्हणाले. माझ्या आतल्या भागाला पहिल्यांदाच कुणी सुरेख म्हटलं.

बायको बाहेर बाकावर रडत होती. विचारलं तर म्हणे डोळ्यांत काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत?

३ एप्रिल

तिसरी सलाईन. बाईंचाही पहिला स्कॅन झाला. जशीच्या तशी – वाढली नाही, कमीही नाही. त्यांना औषध फार सोसत नाही. बरोबर भाची येते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी सोडणारच होती. मीही म्हटलं होतं सोड. पण तुमची गाठ निम्मी झाल्याचं कळलं आणि आता ऐकतच नाही."

बाई म्हणाल्या, "दाखवा." मी बाही वर केली. त्यांनी बोटांनी दाबून बघितलं, बाजारात फळ बघावं तसं. "म्हणजे औषधात दम आहे. माझी गाठ जरा ढ आहे, एवढंच. ढ मुलांना उशिरा समजतं, पण समजतं."

१० एप्रिल

बोलावून घेतलं. बायकोलाही.

डॉक्टरीणबाईंनी दार लावलं. "फेरतपासणीचा निकाल आलाय. तुम्हाला सार्कोमा नाही. कधीच नव्हता."

एक साधी गाठ असते म्हणे. भराभर वाढते आणि कॅन्सरचं सोंग घेते. भिंगाखाली चांगले चांगले फसतात. गुणसूत्रांच्या तपासणीत सोंग उघडं पडलं. ती आपोआप जिरते.

"मग औषधानं कमी झाली ते?"

"औषधानं नाही. तशीही झाली असती, असंच आता वाटतं."

"आणि मी ओकलो ते?"

"ते उगाच झालं. त्याबद्दल माफी मागते. औषध आज बंद. पण ते शरीरात गेलंय, तेव्हा तपासण्या चालू ठेवू. सर्व जबाबदारी आमची."

रागवावं असं वाटलं. तोंड उघडलं आणि हसूच आलं. बायको आपली "म्हणजे काहीच नव्हतं? काहीच?" हेच घोकत होती. घरी पोचेपर्यंत तिची गाडी रुळावर आली. "आणि मी इतके दिवस तुमचे लाड करत होते!"

त्यांच्या संशोधनातून माझा निकाल आता बाजूला काढणार. त्यांचा सगळ्यात चांगला पेशंट मी होतो. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता, तरी निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "असं चुकणं परवडलं."

११ एप्रिल

बाई!

काल आनंदात सुचलंच नाही. आज दात घासताना एकदम आठवलं. त्या माझ्या हाताकडे बघून औषध घेतायत.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. तुम्ही सांगाल का त्यांना? "तुमचा निकाल मी दुसऱ्या पेशंटला सांगू शकत नाही. त्यांच्या गाठीबद्दल जे खरं ते त्यांना सांगतच असते. तुमचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बायको म्हणते, नका सांगू. "टेकलेल्या माणसाची काठी काढू नये."

"काठी पोकळ आहे गं."

"असेना. टेकायला होतेय ना?"

१८ एप्रिल

ठरत नाही. गप्प बसलो तर फसवल्यासारखं. सांगितलं आणि त्यांनी औषध सोडलं तर?

सांगणार. त्यांच्या जागी मी असतो तर मला कळायला हवं असतं.

२४ एप्रिल

बाईंची सलाईनची पाळी होती. गेलो. माझ्या हाताला सलाईन लावलेली नाही हे त्यांनी लगेच ओळखलं. "सुटलात?"

सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "माझीही तसलीच निघेल का हो?"

"तुमचा निकाल यायचाय ना, बाई."

"हं." चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी इतके दिवस कशाच्या जोरावर ओकत होते?" मग माझ्या हातावर हात ठेवला. "बरं झालं तुमचं. खरंच बरं झालं. आता जा. मला कुणाशी बोलायचं नाही."

सिस्टर पिशवी घेऊन आली, "लावू का?" बाईंनी तोंड फिरवलं. मी निघालो. दारातून मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

२ मे

कामावर. एका आजोबांची वरची कवळी केली. बोटं जशीच्या तशी चालतात! दोनदा गुळगुळीत करून बघितली, कारण नसताना.

बाईंचा फोन नाही. मीही केला नाही. कुठल्या तोंडानं करू?

९ मे

भाचीचा फोन. बाईंचा फेरतपासणीचा निकाल आला. सार्कोमाच आहे. शंका नाही.

विचारायला भीती वाटत होती, पण विचारलं, "औषध सोडलं का?"

"छे! त्या दिवशी तुम्ही गेल्यावर सिस्टरला म्हणाली, लाव. एक मुलगा शाळा सोडून गेला म्हणून वर्ग सुटत नाही." आणि मग हळूच, "तुम्ही गेल्यावर रडली मात्र. पण तुमच्यावर राग नाही तिचा. या म्हणालीय."

बायकोला सांगितलं. जेवताना एकदम म्हणाली, "मी भेटायला येते तुमच्याबरोबर."

२० मे

बाईंचा फोन. आवाज ओळखूच येईना. आज स्कॅन झाला. मांडीतली गाठ कमी झालीय. साधारण पाव भागानं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजली.

या खेपेला औषधानंच.