शेवाळाला पाणी घालू नका

अहो,

मी धाकटीबरोबर माझा रिपोर्ट आणायला जाते आहे. तुम्हाला मुद्दामच उठवलं नाही. मागच्या खेपेला सुई मला टोचली आणि घेरी तुम्हाला आली. नर्सबाईंनी आधी बघायचं तरी कुणाकडे? चहा थर्मासमध्ये आहे. साखर घातलेली आहे, पुन्हा घालू नका.

एक काम करा. फाटकाजवळच्या भिंतीवर माझं शेवाळ आहे ना, त्याच्या कडेकडेने आजची खडूची रेघ ओढा. खडू खिडकीत ठेवलाय. आधीच्या रेघा पुसू नका. शेवाळ कुठवर पसरलं आणि कुठे मागे हटलं, ते त्यांवरूनच तर कळतं.

आणि हो, इतके दिवस मी डोकं खाजवत होते. पाऊस नाही, भिंत तव्यासारखी तापलेली, मग हे बाळसं कसं धरतंय? काल समोरच्या सायकलवाल्याने हसत हसत सांगितलं, “काकू, तुम्ही आत गेलात की काका रोज तांब्याभर पाणी मारतात त्याच्यावर.”

माझं मन रमावं म्हणून केलंत, तेवढं कळतं मला. आधी राग आला, मग हसूच आवरेना. पण आज तांब्या घरातच राहू द्या. शेवाळ सुकलं असेल तर सुकलंय तिथेच रेघ मारा, माझ्यासाठी वाढवू नका. रिपोर्टात जे असेल ते मीही घरी येऊन जसंच्या तसं सांगणार आहे.

मग हवं तर दोघं मिळून पाणी घालू.