आरशावर ओरखडलेला शब्द

प्रिय माई आत्या,

दिवाळीत तू गेलीस तेव्हा नुसती रडले. आज लिहितेय, कारण डोकं तापलंय आणि हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

सकाळी इथल्या मैत्रिणीचा, मधुराचा फोन आला. रविवारी इथून जवळच्या उइटहॉर्न गावात तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. "तू ये गं, पण किचनमध्ये जरा मदत कर. माझ्या सासूबाईही सासरे गेल्यापासून आतच बसतात, तुला कंपनी होईल." प्रसाद गेल्यानंतरची ही माझी पहिलीच संक्रांत. 'बघते' म्हटलं आणि सायकलवरून म्युझियममध्ये कामाला गेले.

माझ्या कामाला तू भंगार पुसणं म्हणायचीस. अगं, फार पूर्वी इटलीत एट्रुस्कन लोक राहायचे, त्यांच्या बायकांचे काशाचे आरसे आहेत ते. एक बाजू घासून चकचकीत केलेली, मागे देवादिकांच्या गोष्टी कोरलेल्या. आजच्या आरशावर पंखवाल्या सख्या एका नवरीला नटवतायत, प्रेमाची देवी शेजारी उभी. पालथा केला, तर तोंड बघायच्या बाजूवर आडवा शब्द ओरखडलेला: थडग्यासाठी. बाई मेली की तिच्यासोबत पुरायचा, जिवंत माणसानं त्यात बघायचं नाही.

निदान ती मरेपर्यंत तरी थांबले ते लोक! तुझं काय? काका गेले तेव्हा तू जेमतेम पंचविशीची. दर संक्रांतीला बाहेर बायका, आत तू तिळगूळ वळत बसलेली. वाण द्यायची वेळ झाली की आजी मधलं दार लोटून घ्यायची.

आणि तूच प्रसादच्या तेराव्याला मला फोनवर म्हणालीस, "आता चारचौघीत पुढेपुढे करू नकोस, बाळा." इतकं सोसून मलाही तेच? तुझा राग आला होता. अजून आहे.

संध्याकाळी मधुराला सांगून टाकलं, "किचनमध्ये मी येणार नाही. शनिवारी माझ्याकडेच हळदीकुंकू आहे, सासूबाईंना घेऊन ये." ती गडबडली. "अगं, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत की. चहा पिऊन म्हणतील.

तुला शब्द देते, माई, पहिलं कुंकू त्या सासूबाईंना लावीन. त्या कपाळ मागे घेतील. घेऊ देत, मी बोट पुढे धरून उभी राहीन. तूही मागेच घेतलं असतंस, ठाऊक आहे मला. पण तुझ्यापुढे कधी कुणी ते धरलंच नाही.

तुझं न ऐकणारी भाची,
वैजू