ठराव क्रमांक सात

१ मे २०२५, गुरुवार

ग्रामसभा झाली. झाली म्हणजे काय झालं, हेच मला नीट सांगता येईना! झेंडावंदन आटोपून माणसं शाळेच्या व्हरांड्यातच बसली. माईक खरखरत होता. सहा ठराव बिनबोभाट गेले. सातवा — बाजारकट्टा पाडून तिथं पक्के गाळे बांधायचे. गाळे लिलावानं जाणार. म्हणजे कट्ट्यावर बुट्ट्या घेऊन बसणाऱ्या बायका आपोआप रस्त्यावर!

सरपंचांनी 'मंजूर?' विचारलं. पुढच्या रांगेनं 'मंजूर' म्हटलं. तेवढ्यात मागनं बनाबाई उठल्या. वीस वर्षं त्या कट्ट्यावर भाजी विकतायत. म्हणाल्या, "आमी बसायचं कुठं? आमाला मान्य न्हाय. लिवा बाई तसं." सरपंच राजवर्धन हसून म्हणाले, "बनाक्का, बसा. चा आलाय." आणि खरंच चहा आला. सभा संपली.

बनाबाई माझ्याकडं बघत होत्या. मी मान डोलावली — लिहिते म्हणून.

आणि लिहिणार कुठं? ठराव तर मी कालच लिहून ठेवलाय!

२ मे

ही अक्कल माझी नव्हे, गणपतरावांची. माझ्याआधी तेच इथं ग्रामसेवक होते. चार्ज देताना म्हणाले, "सभेच्या आदल्या दिवशी ठराव लिवून ठेवायचे, मॅडम. सभेत हात चालतोय व्हय? सूचक-अनुमोदकाची नावं तेवढी भरायची." सगळेच असं करतात म्हणे. नोकरीला आठ महिने झाले, आधीच्या दोन्ही सभांना मी तसंच केलं. काही अडलं नाही. कारण कोणी उठलंच नव्हतं!

तर प्रोसिडिंग बुकात, माझ्याच अक्षरात — 'ठराव क्र. ७ सर्वानुमते मंजूर.' पान फाडता येत नाही, प्रत्येकावर आकडा आणि शिक्का. खाडाखोड केली तर शेजारी सरपंचांची सही लागते. सही मागायला गेले तर म्हणाले, "विरोध कुठं झाला, मॅडम? ती नुसती बोलली."

नुसतं बोलणं आणि विरोध यात फरक काय? विरोध काय पाटी लावून येतो? उचगावच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर परत आल्यापासून हाच विचार. डोकं उठलं.

५ मे, सोमवार

दिसेल त्याला विचारत सुटले. शिपाई पिराजी म्हणाला, "उठलेली खरं, पण ऊन लागत हुतं म्हणून सावलीला सरकली ओ." सदस्य मीरासाब — ठरावाला अनुमोदक म्हणून यांचंच नाव — त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "बोलली की. पण मी असं सांगितलं म्हणून कुठं लिवू नगा." गणपतरावांना फोन लावला. "बुकात न्हाय ते झालंच न्हाय. एवढं ध्येनात ठेवा, सुखानं रिटायर हुशीला."

बनाबाई उभ्या राहिल्या होत्या हे नक्की. 'लिवा' म्हणाल्या हेही नक्की. नक्की ना? सकाळी कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. तिघांशी बोलून आता माझा माझ्याच कानांवर भरवसा राहिला नाही.

६ मे

ठरावाखाली शेरा मारायला पेन उघडलं. परत टोपण लावलं.

७ मे, बुधवार

बाजारात मुद्दाम गेले. बनाबाईंनाच विचारायचं होतं — तुम्ही नेमकं काय म्हणालात? पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या पिशवीत मेथीची पेंडी घातली. "बाई, लिवलंसा न्हवं?"

"हो."

का म्हणाले हो? तोंडातनं निघून गेलं! "मग मी बिनघोर झालो," म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. पैसेही घेतले नाहीत. मेथीची भाजी केली आणि तशीच झाकून ठेवली. आता मला विरोध ऐकू आला होता की नव्हता हा प्रश्नच राहिला नाही. लिहिला नाही आणि लिहिला म्हणून सांगितलं. हे मात्र मी केलं, यात काही गोंधळ नाही.

१५ मे

सरपंचांनी बुकावर सही केली. मग मी. त्याआधी गडहिंग्लजला आईला फोन केला होता. ती म्हणाली, "गप सही कर. नोकरी लागाय किती वर्सं घातलीस?" सात घातली. त्याचाही विचार करायला नको का? करायला हवाच. पण मग मला एवढी लाज का वाटतेय?

२७ मे

कट्ट्याभोवती चुन्याच्या रेघा मारल्या. एक रेघ थेट बनाबाईंच्या जागेवरनं गेलीय. त्या तिच्यावरच पोतं पसरून बसल्या होत्या.

९ जून, सोमवार

बनाबाईंनी पंचायत समितीत अर्ज दिलाय. गटविकास अधिकाऱ्यांपुढं शुक्रवारी सुनावणी. मी बुक घेऊन हजर राहायचं. अर्जाची प्रत आली. त्यात लिहिलंय — 'आमचा विरोध ग्रामसेविका बाईंनी लिहून घेतला आहे, तो वाचावा.' खाली अंगठा.

दोनदा वाचलं. पिराजी म्हणाला, "बनाक्का तुमच्यावर इसंबून हाय बगा." मला माहीत नाही का!

आधीच जाऊन त्यांना खरं सांगावं? की साहेबांना भेटावं? की बुक पुढं ठेवून गप्प बसावं, कागद बोलेल ते बोलेल? सांगितलं तर खोटं इतिवृत्त लिहिलं म्हणून माझ्यावरच चौकशी. तीनदा चप्पल घातली, तीनदा काढली.

१२ जून

गेले नाही.

१३ जून, शुक्रवार

साहेबांनी ठराव सात मोठ्यानं वाचला. परत एकदा वाचला. मग बनाबाईंना म्हणाले, "विरोध कुठं दिसत नाही, बाई. तुम्ही खरंच बोलला होता?"

बनाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग बुकाकडं. "मग मी बोललोच नसंन, सायेब. वय झालं. बाई खोटं कशाला लिवतील?"

सरपंच उठायलाही लागले होते.

"त्या बोलल्या होत्या," मी म्हणाले. "ठराव मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता."

साहेब म्हणाले, "हे लेखी द्या."

दिलं.