खसाच्या ताटीतला ट्रान्समीटर

२ मे १९८३, सोमवार
कामठी रोडवरच्या आमच्या साबण कारखान्यात टेंपरेचर ट्रान्समीटर आला. त्याची दांडी कढईतल्या साबणात बुडवायची, म्हणजे मालकांच्या केबिनमधला काटा कढईची उष्णता दाखवतो. बसवायचं काम माझ्याकडे! जमलं तर एक जूनपासून सुपरवायझर म्हणून कायम.
संकल्प : रोज पहाटे उठून मॅन्युअल वाचणे.

३ मे
उशिरा उठलो. कूलरची चूक. प्रेमलतानं शेजारी सांगून टाकलं, आमचे हे इंजिनिअर झाले वं. बायकोला खोटं पाडणं बरं दिसत नाही.

५ मे
मॅन्युअलमधलं एक वाक्य वाचलं : यंत्र उष्णतेपासून जपावे. बाकी वाचायची गरजच उरली नाही. उन्हात निघताना आपण खिशात कांदा ठेवतो, मग परदेशी यंत्रानं काय घोडं मारलं? दांडीसकट सगळं खिडकीत टांगलं. भोवती खसाची, म्हणजे वाळ्याची ताटी, वर ठिबकणारं मडकं. आत कांदा. कढईवरचा रुपराव म्हणाला, दांडी कढईत नाही टाकत का गा? म्हटलं, तुले टाकू का? अडाणी माणूस.

६ मे
काटा सव्वीसवर! मालक मनोहरराव म्हणाले, कढई काहून थंडी आहे? वाफ वाढवा. रुपराव म्हणाला, ते उकळून राहिली मालक. मी म्हणालो, यंत्र खोटं बोलत नाही. मालकांनी माझं ऐकलं. ऊर भरून आला.

७ मे, सकाळ
वाफ आणखी वाढवली. काटा ढिम्म. याला म्हणतात फिटिंग. प्रेमलताला संत्रा बर्फी वाटायला सांगितली.

दुपार
कढई उतू गेली. फेस फाटकाबाहेर, रस्त्यावर. एसटी अडकली. कंडक्टर उतरून हातपाय धुऊन गेला. रुपराव ओरडला, मी काय सांगून राहिलो होतो!
काटा अजूनही सव्वीसवर.

९ मे
मालक लालबुंद होऊन खिडकीशी आले. ताटीला हात लावला. तिथेच खुर्ची मागवली अन् जेवणापर्यंत उठले नाहीत. कामाची कदर झाली!

१ जून
कायम झालो. काम : ऑफिसच्या कूलरांत पाणी भरणे. दांडी कढईत गेली, कांदा मला परत मिळाला. प्रेमलताला अजून सांगितलं नाही. बर्फी वाटून झालीय.
मालक म्हणाले, कायम म्हणजे पाऊस पडेस्तोवर.
संकल्प : यंदा दुष्काळ पडेल असं धरून चालणे.

४ जून, संध्याकाळ
कामठीच्या बाजूला ढग आलेत. कूलरांत दोन बादल्या जास्त ओतल्या.