आईच्या मेंदीत काय होतं

३ नोव्हेंबर, सोमवार

घरून लग्नाची कामं करणाऱ्या बायकांना परवाना आणि विमा सक्तीचा असावा का? मला उत्तर येत नाही. अर्ज मात्र मलाच लिहायचाय.

स्टेशनजवळच्या लग्नाच्या हॉलने पाटी लावलीय. मेंदी, मेकअप, जेवण, जे काही बाहेरून येईल त्याचा परवाना आणि विम्याचा कागद दाखवा, नाहीतर दारातूनच परत. आमच्या चाळीत चौघीजणी यावर जगतात. शैलाताई नवरीचा मेकअप करतात, आई मेंदी काढते. संध्याकाळी सगळ्या आमच्या खोलीत.

"आपल्यात एकच ग्रॅज्युएट," शैलाताई म्हणाल्या. "हॉलवाल्यांना अर्ज लिही गं कडक. आमचे हात हाच आमचा परवाना, असं काहीतरी."

सगळ्यांना आवडलं. मी लिहून घेतलं.

५ नोव्हें.

ऑफिसात सरांना विचारलं. विम्याचेच एजंट आहेत, म्हटलं मेंदीवालीचा विमा निघतो का.

हसले. "निघेल की. कुणाला इजा झाली तर भरपाई. पण कोनात काय घालते ते आधी लिहून द्यावं लागेल. चुकून घडलं त्याचा विमा असतो, लबाडीचा नसतो."

घरी आईला सांगितलं. म्हणाली, "लिहून देऊ? म्हणजे उद्या समोरच्या गल्लीतली तेच करणार. तू पुस्तकं वाच. गिऱ्हाईक मी वाचते."

परवान्याची माहिती काढली. पत्त्याचा पुरावा लागतो. खोली मामाच्या नावावर. कागदोपत्री आई मुलुंडमध्ये राहतच नाही. कशाचा परवाना आणि कुणाला. पण म्हणून काहीच नको, हेही पटत नाही.

९ नोव्हें., रविवार

स्नेहल आली मेंदीला. मागच्या चाळीतली, शाळेत माझ्या दोन वर्षं मागे. बुधवारी लग्न. मुलगा मरोळला कारखान्यात सुपरवायझर, नाव रोहित.

"काकू, एकदम डार्क हवी. फिकी आली तर सासू म्हणेल, हिच्यावर माझी माया बसायची नाही."

"बसेल. माझ्या हातची आहे."

आईचे दोन कोन असतात. आतली भरणी साध्या मेंदीने. बॉर्डर आणि नवऱ्याचं नाव काळ्या कोनाने. त्या कोनात ती केसांच्या काळ्या रंगाची पूड मिसळते, चमचाभर. एरवी दोन दिवसांनी चढतो तो रंग तासाभरात येतो. नाव तळव्यातल्या नक्षीत लपवायचं, नवऱ्याने शोधायचं. स्नेहल सारखी हसत होती. आई म्हणाली, "हलू नको, नवरा बदलेल."

११ नोव्हें., मंगळ.

हळदीला गेले. स्ने.चे दोन्ही हात सुजलेत. फोड आलेत, फक्त काळ्या रेषांवर. तळव्यातलं नाव आता शोधावं लागत नाही, दारातून वाचता येतं.

एक बाई म्हणाली दही लावा, दुसरी म्हणाली खोबरेल. तिसरी मोबाइलवर फोटो काढत होती. "रोहित मात्र झकास उठलाय हं," ती म्हणाली आणि बायका हसल्या. मीही हसले का ते आठवत नाही, असं लिहिणार होते. आठवतं. हसले.

१३ नोव्हें., गुरु.

लग्न झालं नाही. 'पुढे ढकललं' असं म्हणायचं ठरलंय.

हॉलमध्ये नणंदेने स्ने.चं मनगट धरून हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. "शंभर जणी मेंदी लावतात, हिलाच का झालं? कातडीचा रोग आहे. लपवलात तुम्ही." स्ने.ची आई हात खाली घ्या, हात खाली घ्या म्हणत होती.

संध्याकाळी स्ने.चे वडील आमच्याकडे आले. रिक्षा चालवतात. आत या म्हटलं तरी दारातच उभे.

"वहिनी, भांडायला नाही आलो. डॉक्टर विचारतायत मेंदीत काय होतं. तेवढं लिहून द्या. तो कागद दाखवला तर मुलाकडचेही गप्प बसतील."

आई म्हणाली, "मेंदी, लिंबू, साखर, निलगिरीचं तेल. वीस वर्षं हेच घालते." आणि आपले दोन्ही हात पुढे केले. "हे बघा. मला कधी काही झालं? पोरीची कातडी नाजूक होती, तर ते तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेली म्हणून असेल.

मी पाणी आणायला आत गेले. आले तेव्हा ते गेले होते. खरं म्हणजे ते जाईपर्यंत मी आतच थांबले.

१४ नोव्हें.

आईची मेंदी शुद्ध, तर स्ने. रोगी. मेंदीही शुद्ध आणि स्ने.ही निरोगी, दोन्ही एकदम खरं ठरू शकत नाही. आईला हे नीट कळतं.

पुडीचं पाकीट काढलं. मागे बारीक इंग्रजी. फक्त केसांसाठी. आधी कानामागे थोडंसं लावा, दोन दिवस थांबा. अंगावर इतर कुठे लावू नका.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. दुकानातून पाकीट आणणारीही मीच, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. वाचलं नव्हतं असं म्हणता येईल. पण वाचलं होतं. दुसऱ्या वर्षाला होते. आईला सांगितलंही. ती म्हणाली, कंपनीवाले असंच घाबरवतात. माझी परीक्षा होती. विषय संपला.

त्यानंतर किती नवऱ्या.

१६ नोव्हें., रवि.

स्ने.कडे गेले. हातांना पट्ट्या. तिची आई तिला भरवत होती, मी आल्यावर ताट ठेवून आत गेली.

मी पुडीचं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं मी रोगी नाही. जे विचारतायत त्यांना सांग, कागदावर. की तुला नुसतं बरं वाटायला हवं होतं?"

मी म्हटलं, आईचं काम बंद होईल.

"अच्छा. मग असू दे मला रोग."

निघताना तिने हाक मारली. "त्या घरात जायचं की नाही ते मी ठरवीन. कदाचित नाहीच जाणार. पण कातडीचा रोग म्हणून परत पाठवलेली मुलगी म्हणून मी इथे बसणार नाही. माझ्यामागे बहीण आहे."

१८ नोव्हें., मंगळ.

आईशी बोलले. म्हटलं, खरं लिहून देऊ या.

"दे ना. खाली लिही, याच काळ्या कोनावर मी बी.कॉम. झाले."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "परवाना नाही, विमा नाही, दुकान नाही. लोक म्हणतात हिची मेंदी चांगली. एवढंच आहे माझ्याकडे. ते कुणाला द्यायला निघालीस?"

शैलाताई दारात ऐकत होत्याच. "एकीचं मोडलं ते मोडलं. तिला दुसरं स्थळ येईल. चौघींच्या पोटावर का पाय देतेस? आणि अर्जाचं काय झालं?"

अर्ज मी लिहिणार नाही, म्हटलं. हात हाच परवाना हे वाक्य आता माझ्याने लिहवत नाही.

"मग पदवी कशाला घेतलीस? भिंतीला?"

विमा असता तर आई खरं बोलली असती का? सर म्हणतात लबाडीचा विमा नसतो. पण माणूस लबाडी करतो ती पुढे दुसरा रस्ताच दिसत नाही म्हणून. तो रस्ता आधीच असता तर? की आईने तिथेही लिंबू, साखर, निलगिरीच लिहिलं असतं. माहीत नाही. मला वाटतं, लिहिलं असतं.

२० नोव्हें., गुरु.

अर्धी सुट्टी घेतली. ऑफिसातच बसून लिहिलं. काळ्या कोनात केसांच्या रंगाची पूड होती. पूड मी आणली. पाकिटावरची सूचना मी वाचलेली होती. कोन माझ्या आईने तयार केला, मेंदी तिने काढली. दोघींची पूर्ण नावं, खोलीचा खरा पत्ता, माझी सही. दोन प्रती. एक पाकिटासकट डॉक्टरांकडे दिली.

दुसरी स्ने.च्या वडिलांना, रिक्षा स्टँडवर. त्यांनी दोनदा वाचली. आभार मानले नाहीत, मानायचं काही नव्हतंही. "आईला माहीत आहे?" विचारलं. नाही म्हटलं. "मग आधी घरी जा," म्हणाले आणि रांग सोडून मरोळला, मुलाकडे, निघाले.

घरी आले. आई कोन वळत बसली होती. परवा एक नवरी आहे. सांगितलं. ती वळत राहिली. तो कोन पुरा करून टोकाला चिकटपट्टी लावली, मग विचारलं, "नाव लिहिलंस?"

"लिहिलं. तुझं आणि माझं."

ती उठली, हात धुतले. परवाच्या नवरीला फोन लावला आणि तो कानाला धरून बाहेर पॅसेजमध्ये गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.